गुडघ्याला बाशिंग नको: आइस हॉकीच्या दुखापतीनंतर बर्फावर परतताना

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. माझं बाशिंग खरोखरच गुडघ्याला होतं. दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या, चार वेलक्रोचे पट्टे, आणि आत तीन आठवड्यांपूर्वी अर्धवट फाटलेलं आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल. सूज उतरली होती. जिना चढता येत होता, उतरता येत होता. डॉक्टर ‘तीन आठवडे विश्रांती’ म्हणाले होते आणि ते तीन आठवडे आदल्याच दिवशी संपले होते. मग अडतंय कुठे?

सरळ रेषेतलं स्केटिंग झकास झालं. बाराव्या मिनिटाला पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे डावीकडे वळले, सगळा भार उजव्या पायाच्या आतल्या कडेवर आला आणि गुडघा आत कलला. आवाज वगैरे काही आला नाही, फक्त पायाखालून कुणीतरी पाट काढून घेतल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांच्या दुखण्याचे अकरा आठवडे झाले.

डॉक्टर चुकले नव्हते. ते चालण्या-फिरण्याबद्दल बोलले होते, हॉकीबद्दल मी विचारलंच नव्हतं. जिना चढताना गुडघा पुढे-मागे वाकतो. स्केटिंगमध्ये पाय बाजूला रेटावा लागतो, आणि एमसीएलवर खरा ताण येतो तो तेव्हाच. म्हणजे मी जी परीक्षा पास झाले होते ती या विषयाची नव्हतीच.

त्यानंतर दोन वर्षांनी डोक्यावर पडले. तेव्हा मात्र सगळं शिस्तीत केलं. या दोन अनुभवांतून आणि फिजिओला विचारलेल्या शंभर प्रश्नांतून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हौशी लीगमध्ये खेळणारी, तिशी उलटल्यावर स्केटिंग शिकलेली बाई आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: परतण्याची अशी एक तारीख नसते. तारखा चार असतात. एकट्यानं बर्फावर उतरण्याची, संघाबरोबर पण धक्क्याशिवाय, म्हणजे अंगाला अंग न भिडवता, सराव करण्याची, धक्क्यासह सराव करण्याची, आणि सामन्याची. ‘बर्फावर परत कधी?’ असं विचारलंत तर डॉक्टर पहिली तारीख सांगतात आणि आपण चौथी ऐकतो.

## १. नेमकं काय दुखावलंय ते आधी कळू द्या

हॉकीत दुखणं अंगावर काढण्याला उगाच शौर्य समजतात. ‘मुका मार आहे, जाईल’ हे वाक्य मी चेंजिंग रूममध्ये इतक्यांदा ऐकलंय, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कशाला किती वेळ लागणार हे दुखापतीच्या नावावर ठरतं. नाव माहीत नसेल तर पुढचे सगळे टप्पे अंदाजपंचे.

तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिलं मनगट. बोर्डवर, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्यावर, आदळताना हात पुढे केला आणि अंगठ्याच्या मुळाशी, दोन शिरांच्या मधल्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ही चीर बरेचदा दिसत नाही, म्हणून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करतात. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर ग्लोव्ह चढवू नका. या हाडाला रक्तपुरवठा बेताचाच असतो, आणि नीट जुळलं नाही तर ते कायमचं त्रास देतं.

दुसरा घोटा. साधा मुरगळलेला घोटा बाहेरच्या बाजूला, खाली सुजतो. पण पाऊल बाहेर पिरगळलं गेलं असेल आणि दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल, तर तो ‘हाय अँकल स्प्रेन’. हॉकीत हा बऱ्यापैकी आढळतो आणि साध्या मुरगळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ खातो. यातली गंमत, म्हणजे तापदायक गंमत, अशी की स्केटचा बूट कडक असल्यानं पाय आत घालून लेस आवळली की एकदम बरं वाटतं. चपलेत लंगडणारा माणूस स्केटमध्ये ताठ उभा राहतो. मात्र पाय बाहेर रेटून धक्का देताना पाऊल परत बाहेरच फिरतं, आणि दुखावलेल्या जागी ताण येतोच.

तिसरं डोकं. त्याचं प्रकरण वेगळं आहे, पुढे लिहिलंय.

डॉक्टरांकडे गेलात की ‘विश्रांती किती?’ असं विचारू नका. विचारा: कोणती ऊतक फाटली आहे, किती प्रमाणात, आणि मी बाजूला पाय रेटणारा, एकदम थांबणारा, माणसांवर आदळणारा खेळ खेळते, त्यासाठी काय बघायला हवं? शक्य असेल तर फोनवर आपल्याच खेळाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवा. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी आइस हॉकी कधी पाहिलीच नव्हती. व्हिडिओ बघून त्यांनी सहा आठवड्यांचे आठ केले.

## २. कागदपत्रं आणि सामान

हे एका फोल्डरमध्ये ठेवा. ऐन वेळी लीगचा माणूस, फिजिओ आणि विमेवाला असे तिघंही तेच कागद मागतात.

- एक्स-रे किंवा एमआरआयचा लेखी अहवाल, आणि जमलं तर मूळ चित्रंही
- शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याची नोंद
- फिजिओनं घेतलेली मापं: दुखऱ्या बाजूची आणि चांगल्या बाजूचीही
- रोजची वही: आज काय केलं, तेव्हा किती दुखलं, दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखलं (० ते १०)
- डॉक्टरांची लेखी परवानगी. ‘खेळायला हरकत नाही’ एवढंच नको, ‘धक्क्याविना सराव’ की ‘पूर्ण सामना’ हे स्पष्ट हवं
- लीगचा स्वतःचा फॉर्म असेल तर तो

सामान फार लागत नाही. मोजपट्टी, फुटबॉलएवढा एखादा चेंडू, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, आणि संघातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची जर्सी. ही जर्सी कशाला ते सहाव्या भागात येईल.

हेल्मेट मात्र हातात घेऊन नीट बघा. डोक्याला मार बसला असेल तर तडा, सैल झालेले स्क्रू, दबलेला फोम तपासा. शंका आली तर सरळ बदला. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हेल्मेटवर एचईसीसीचा (हॉकीच्या साहित्याला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) स्टिकर असतो, त्याची मुदत बनवल्यापासून साडेसहा वर्षं. माझ्या हेल्मेटची मुदत संपून वर्ष झालं होतं, आणि ते मला डोकं आपटल्यावर कळलं.

## ३. डोक्याला मार असेल तर हा जिना, दुसरा नाही

मी उलटं स्केटिंग करताना पडले. टाचा निसटल्या, डोक्याची मागची बाजू बर्फावर. उठले, बाकावर येऊन बसले, आणि हा दुसरा पिरियड की तिसरा हे मला आठवेना. ‘मी बरी आहे’ असं मी शेजारणीला तीनदा सांगितलं म्हणे. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिनं माझी स्टिक काढून घेतली.

हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदू आत हलायचा तो हलतोच. त्यामुळे ‘हेल्मेट होतं ना’ या वाक्याला कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या हिसक्याच्या, बाबतीत काही अर्थ नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही. शंका आली की त्या दिवसाचा खेळ संपला, हाच नियम. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हापुन्हा उलट्या, झटके, मानेत तीव्र वेदना, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, दोन दोन दिसणं, जागं करूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत.

पुढचा जिना २०२२ साली अॅमस्टरडॅमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. बहुतेक क्रीडा संघटना याच धर्तीवर चालतात. पायऱ्या सहा, प्रत्येकीला किमान २४ तास:

पहिली, रोजची साधी कामं, लक्षणं फारशी वाढणार नाहीत इतपत. पहिले २४ ते ४८ तास आराम, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा आराम नव्हे. तो सल्ला जुना झाला. चालणं चांगलं असतं. फोन-टीव्ही मात्र पहिले दोन दिवस कमी.

दुसरी, सायकल किंवा भरभर चालणं. आधी कमाल ठोक्यांच्या सुमारे ५५ टक्क्यांपर्यंत, मग ७० पर्यंत. वय ४० असेल तर २२० वजा ४०, म्हणजे कमाल १८० धरा. आधी ९९ पर्यंत, मग १२६ पर्यंत. इथे लक्षणं थोडी वाढली तरी चालतं. दहापैकी दोन अंकांपर्यंत आणि तासाभरात शमणारी वाढ म्हणजे थोडी. त्याहून जास्त झाली तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसरी, एकट्यानं खेळासारखा व्यायाम, डोक्याला मार बसण्याची शक्यता नसलेला. चौथी, संघाबरोबर धक्क्याविना ड्रिल. पाचवी, धक्क्यासह सराव. सहावी, सामना. चौथीपासून पुढे जायचं तर सगळी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, दमल्यावरसुद्धा. आणि जिथे पडण्या-आदळण्याचा धोका आहे अशा कशातही उतरण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवी.

नवख्यांसाठी माझी एक पुस्ती. तिसऱ्या पायरीवर बहुतेक तक्त्यांत ‘स्केटिंग ड्रिल’ असं लिहिलेलं असतं. ते लहानपणापासून स्केटिंग करणाऱ्यांसाठी ठीक आहे. आपण अजून पडतो. जो माणूस तासाभरात दोनदा पडतो त्याच्यासाठी एकट्याचं स्केटिंगसुद्धा डोक्याला धोकाच आहे. मी तिसरी पायरी जमिनीवरच केली: बाजूला उड्या, स्टिक आणि चेंडू, भिंतीवर पास. बर्फावर गेले ती परवानगीनंतरच.

सगळं सुरळीत झालं तरी आठवडा जातोच, आणि सगळं सुरळीत होणं क्वचितच घडतं. चार आठवड्यांनंतरही लक्षणं रेंगाळत असतील तर त्यातल्या तज्ज्ञाकडे जा. हा रस्ता सरळ नसतो याचा सगळ्यात ठळक दाखला कॅनडाचा नामवंत हॉकीपटू सिडनी क्रॉस्बी. जानेवारी २०११ मध्ये पाच दिवसांच्या आत त्याला दोनदा मार बसला. तो परतला २१ नोव्हेंबरला, आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल, दोन असिस्ट! आठ सामने झाले, लक्षणं परत आली, आणि पुन्हा खेळायला मार्च २०१२ उजाडलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना ही गत.

मुलांच्या बाबतीत क्रम पक्का: आधी शाळा पूर्णवेळ, मगच पूर्ण खेळ. पहिल्या माराची लक्षणं असतानाच दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. असं क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक कोवळ्या वयातच. पालकांनी इथे प्रशिक्षकाशी वाईटपणा घ्यावा.

## ४. जमिनीवरची परीक्षा

हाडं, स्नायू, लिगामेंट यांसाठी पहिला पेपर बर्फाबाहेरच असतो. हा पास झाल्याशिवाय स्केटची पिशवी माळ्यावरून काढू नका. दिसली की मोह होतो.

सर्वसाधारण अट अशी: सूज नाही, सांधा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळ होतो, आणि ताकद चांगल्या बाजूच्या किमान ९० टक्के. शेवटचं घरीही मोजता येतं. एका पायावर उडी मारा, त्याच पायावर उतरा, अंतर मोजा. चांगल्या पायाची उडी १४० सेंटिमीटर असेल तर दुखऱ्याची १२६ हवी. आणि नुसतं अंतर नाही. उतरताना गुडघा आत झुकतो का ते कुणालातरी समोरून फोनवर टिपायला सांगा. माझा पाचव्या आठवड्यात अंतर पार करत होता आणि दर खेपेला आत झुकत होता. व्हिडिओ पाहिला नसता तर मी शपथेवर सांगितलं असतं की सरळ आहे.

जांघेसाठी एक खास परीक्षा आहे. पाठीवर झोपा, पाय लांब सरळ ठेवा, घोट्यांच्या मध्ये कुणालातरी हात धरायला सांगा किंवा चेंडू ठेवा, आणि पाच सेकंद जोर लावून दाबा. दुखणं ० ते २ असेल तर हिरवा दिवा, ३ ते ५ पिवळा, ६ किंवा त्याहून वर लाल. जांघेचा स्नायू हा स्केटिंगचा ब्रेक आहे: बाजूला फेकलेला पाय तोच परत ओढतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंवरच्या २००१ साली छापून आलेल्या अभ्यासात, पाय आत ओढणारे स्नायू बाहेर रेटणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमकुवत होते त्यांची जांघ दुखावण्याची शक्यता १७ पट आढळली. म्हणून जांघ ‘दुखायची थांबली’ हे पुरेसं नाही, ती बळकट झालेली लागते. कोपनहेगन नावाचा व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. पहिल्या दिवशी शिव्या द्याल.

एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटची, शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी एकच आकडा: नऊ महिने. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलं. सहाव्या महिन्यात गुडघा उत्तम वाटतो, आणि तोच सगळ्यात फसवा महिना.

खांद्याचं आणि हंसळीच्या हाडाचं (कॉलरबोनचं) बघताना ‘हात वर जातो’ यावर थांबू नका. जोर मारता येतात का? एका हातानं स्टिक लांब धरून कुणी ती बाजूला ढकलली तर खांदा टिकतो का? मोडलेलं हाड एक्स-रेवर जुळलेलं दिसेपर्यंत धक्क्याचा विचार नको. खांदा निखळला असेल, त्यातून वय विशीच्या आसपास असेल, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा शल्यविशारदाचं मत आधी घ्या.

टाके पडले असतील तर ते काढले म्हणजे कातडी पूर्ववत झाली असं नव्हे. चेहऱ्यावर असतील तर हेल्मेटला पूर्ण केज (चेहऱ्यासमोरची जाळी) लावा, पायावर असतील तर न कापले जाणारे मोजे घ्या. मानेच्या संरक्षकाबद्दल वाद घालायचे दिवस गेले. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सामन्यात अॅडम जॉन्सन या खेळाडूचा स्केटच्या पात्यानं मान कापून मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं आपल्या स्पर्धांत तो सक्तीचा केला.

आणि दम. हॉकीची शिफ्ट, म्हणजे बर्फावर एका दमात खेळायची पाळी, असते साधारण ४५ सेकंदांची. घरच्या सायकलवर ४५ सेकंद जीव तोडून, ९० सेकंद हळू, असे आठ-दहा फेरे न थांबता जमले पाहिजेत. दमलेला स्नायू सांध्याला धरून ठेवत नाही.

## ५. एकट्यानं बर्फावर

आता स्केट काढा, आणि आधी धार लावून घ्या. महिना-दोन महिने पडलेल्या पात्यांना गंज चढलेला असतो. जांघ किंवा गुडघा दुखावला असेल तर धार लावणाऱ्याला नेहमीपेक्षा उथळ हॉलो (पात्याच्या तळाची लांबट खोबण) मागा. अर्धा इंच वापरत असाल तर पाच-अष्टमांश (आकडा त्रिज्येचा असतो, मोठा तितकी खोबण उथळ). खोल हॉलोचं पातं बर्फात घट्ट रुततं, आणि जे पातं सुटत नाही ते सगळा पीळ गुडघ्यात पाठवतं.

वेळ निवडताना ‘पब्लिक स्केटिंग’ टाळा. वरवर सोपं वाटतं, सगळे हळूच तर जातात. पण सात वर्षांचं पोर कधी पायात येऊन बसेल सांगता येत नाही, आणि त्याला चुकवायला तुम्ही नेमकं तेच कराल जे अजून करायचं नाही. सकाळची रिकामी वेळ मिळवा.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं. क्रम असा: सरळ जाणं, मग मोठी वळणं दोन्ही बाजूंना, मग हलके क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं). घट्ट वळणं आणि हॉकी-स्टॉप (पाती आडवी करून एकदम थांबणं) दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. उलटं स्केटिंग आणि पुढून मागे फिरणं त्याहून नंतर. पक आणला तरी आधी पास, मग मनगटाचा शॉट. स्लॅपशॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून मारलेला जोरदार फटका, सगळ्यात शेवटी: जांघ, पोट, खांदा, मनगट, सगळं एका फटक्यात मागतो तो.

दोन्ही बाजूंनी थांबा. प्रत्येकाची एक आवडती बाजू असते आणि दुखापतीनंतर आपण नकळत तिचंच ऐकतो. मी वहीत मोजून लिहायचे: डावीकडून दहा, उजवीकडून दहा.

खरा निकाल त्या दिवशी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना लागतो. कालच्यापेक्षा सूज जास्त, किंवा दुखणं दोन अंकांनी वर, तर एक पायरी खाली या. जैसे थे असेल तर पुढे. म्हणूनच सलग दोन दिवस बर्फावर जाऊ नका, निकाल वाचायला वेळच उरत नाही. आणि वेदनाशामक गोळी घेऊन तर मुळीच नको. पेपर लिहायच्या आधीच उत्तरपत्रिका जाळल्यासारखं आहे ते.

## ६. संघाबरोबर, पण हात न लावता

इथे ती वेगळ्या रंगाची जर्सी. एनएचएलच्या सरावातही परतणारा खेळाडू वेगळ्या रंगात दिसतो, म्हणजे ‘याला कुणी आदळू नका’. आपल्याकडच्या हौशी संघात असलं काही नसतं, म्हणून स्वतःच आणा आणि सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना मोठ्यानं सांगा. लाज वाटते, मलाही वाटली. पण सांगितलं नाही तर लोकांना आठवत नाही, आणि सांगितलं तरी निम्म्यांनाच आठवतं.

या पायरीवर शरीरापेक्षा डोळ्यांचा सराव असतो. दहा माणसं वेगवेगळ्या वेगानं हलत असताना मान वर ठेवायची सवय मोडलेली असते. दोन-तीन सराव तरी इथे काढा.

## ७. धक्क्यासह

‘आमच्या लीगमध्ये चेकिंग (पक मिळवायला अंगानं धडक देणं) नाहीच’ म्हणून ही पायरी गाळणारे बरेच. नियमात चेकिंग नसलं तरी बोर्ड आहेत, गोलच्या समोरची गर्दी आहे आणि ज्यांना थांबता येत नाही असे नवखे आहेत.

विश्वासातला एक खेळाडू घ्या आणि त्याला सांगून घडवून आणा: बोर्डला टेकून पकसाठी रेटारेटी, आधी उभ्या-उभ्या, मग चालत्या वेगात. घाबरायला होतंय का ते इथे कळतं. मी ज्या कोपऱ्यात पहिल्यांदा दुखावले त्या कोपऱ्याकडे पक गेला की महिनाभर माझे पाय आपोआप हळू व्हायचे. त्यात भित्रेपणा नव्हता, पण अर्ध्या मनानं कोपऱ्यात जाणारा माणूसच वेडावाकडा आदळतो. भीती असेल तर अजून दोन सराव घ्या, फिजिओला सांगा, ते यावरही काम करतात.

## ८. ‘आज माणसं कमी आहेत’

सगळ्यात मोठा सापळा फोनवर येतो. रात्री साडेआठला कॅप्टनचा मेसेज: फक्त नऊ जण आहोत, येतेस का, नुसती उभी राहा. नुसतं उभं कुणीच राहत नाही. आणि माणसं कमी म्हणजे शिफ्ट लांब, विश्रांती तोकडी: दुखापतीनंतरच्या पहिल्या सामन्यासाठी याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही.

क्रीडावैद्यकात निर्णयाची एक पद्धत आहे, ती मला फार पटली. तीन प्रश्न, याच क्रमानं. इजा कितपत भरली? हा खेळ त्या जागेवर किती ताण टाकणार? आणि किती धोका पत्करायचा? फायनल आहे, माणसं कमी आहेत, पैसे भरलेत, हे सगळं तिसऱ्या प्रश्नात येतं. पहिल्या दोन उत्तरांवरूनच ‘नको’ ठरत असेल तर तिसऱ्यापर्यंत जायचंच नाही. डोक्याच्या दुखापतीत तिसरा प्रश्न नसतोच.

आणखी एक. एनएचएलचे संघ दुखापत लपवायला ‘अप्पर बॉडी’, ‘लोअर बॉडी’ एवढंच जाहीर करतात, प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून. आपले प्रतिस्पर्धी दर शुक्रवारी भेटणारी तीच दमलेली मंडळी. त्यांना खुशाल सांगा कोणता गुडघा ते.

## ९. पहिला सामना

पूर्ण माणसं असलेला सामना निवडा. कॅप्टनशी आधीच ठरवा: किती शिफ्ट, आणि तिसऱ्या पिरियडमध्ये खेळायचं की नाही. शिफ्ट ३० सेकंदांच्या ठेवा. गोलकीपरांना शिफ्टची सोय नाही, म्हणून त्यांनी सरावात पूर्ण सामन्याइतका वेळ बटरफ्लायमध्ये (गुडघे टेकून पाय बाजूला पसरायच्या पवित्र्यात) वर-खाली करून बघितल्याशिवाय सामना घेऊच नये, विशेषतः खुबा किंवा जांघ दुखावली असेल तर.

माझं सात शिफ्टचं ठरलं होतं. सातवी संपवून बाकाच्या टोकाला जाऊन बसले. गुण बरोबरीत होते, सहा मिनिटं उरली होती, गुडघा मजेत होता. कॅप्टननं वळून भुवया उंचावल्या. मी हेल्मेटची पट्टी सोडली आणि दारापाशी सरकून बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दार उघडायला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहिलं: सूज नाही, दुखणं १.